छातीच्या पिंजऱ्यांचं कपाट

मासळीबाजारात मी पहिलं पाऊल टाकलं ते वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि तेही मासे खाण्यासाठी नव्हे. आमचं घर पक्कं शाकाहारी. कल्याणात दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, वडील कोर्टात कारकून होते आणि आई चातुर्मासात कांदा-लसूणही घरात येऊ देत नसे. मी मात्र प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. कॉलेजात मी काय काय फाडलं हे घरात कुणी विचारायचं नाही आणि मी आपणहून सांगायचं नाही, असा आमचा न बोलता झालेला करार होता.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. कल्याणातल्याच एका मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवायला लागले. आमच्या मुख्याध्यापिकाबाई पन्नाशीच्या होत्या. नऊवारी लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. मॅट्रिकच्या मुलींसाठी शरीरशास्त्र हा विषय सुरू करायचा असा त्यांनी ध्यास घेतला होता. त्याला शिक्षण खात्याची परवानगी लागे, आणि परवानगीआधी खात्याचे इन्स्पेक्टर येऊन प्रयोगशाळा बघणार होते. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांब टेबल, दोन स्पिरिटचे दिवे, एक लोहचुंबक आणि काचेच्या बरणीत कुणीतरी कधीतरी ठेवलेला विंचू.

बाईंनी मुंबईच्या एका दुकानाला माणसाच्या सांगाड्याबद्दल पत्र लिहिलं. सांगाडे आधी मेडिकल कॉलेजांना जातात, तुम्हाला निदान वर्षभर थांबावं लागेल, असं उत्तर आलं. इन्स्पेक्टर तर डिसेंबरात यायचे होते. बाईंनी मला बोलावून ते पत्र दाखवलं.

मी तरुण होते आणि जरा जास्तच उत्साही होते. मी म्हटलं, "बाई, माणसाचा एक सांगाडा नाही मिळाला तर नाही. पाच-सहा प्राण्यांचे छातीचे पिंजरे आपणच तयार करू. मासा, बेडूक, साप, कोंबडा, बकरा असे ओळीने मांडले की बरगड्या कशा बदलत गेल्या ते मुलींना डोळ्यांनी दिसेल. आणि स्वतःच्या बरगड्या तर त्यांच्या हाताला लागतातच."

"तुम्हाला येतं हे करायला?" बाईंनी विचारलं.

"येईल," मी म्हणाले.

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "करा तर मग." मी तोवर आयुष्यात एक उंदीरसुद्धा उकळला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

म्हणून मी मासळीबाजारात गेले. पदराने नाक धरलेलं, पायांत चपला आणि चपलांखाली काय काय. ओट्यांवर कोळणी आणि आगरणी बसलेल्या होत्या. मी कोपऱ्यातल्या एकीसमोर उभी राहिले, कारण तिच्यासमोर गिऱ्हाईक कमी होतं. आगरीण होती, चाळिशीची असेल. काळी, उंच, दंडावर गोंदण, आणि डोळे असे की माणूस काय घ्यायला आलाय ते त्याच्या आधी तिला कळावं. माझं मात्र तिला कळेना. मला एक अख्खा मासा हवा, त्यातलं मांस नको, काटे हवेत, असं मी तिला समजावून सांगितलं.

"मास नको, निस्तं काटं पायजेत?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने शेजारणीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कुनावर करनी कराची हाय का?"

करणी नाही, शाळेत ठेवायचं आहे, मुलींना शिकवायला, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. पटल्यावर मात्र ती इतकी हसली की आजूबाजूच्या दोघी-तिघी काय झालं म्हणून विचारायला लागल्या, आणि मग सगळा बाजारच हसायला लागला. तिने मला भिंग नावाचा एक भलामोठा मासा दिला. काटे हवेत ना, मग याच्यात जितके काटे आहेत तितके कशात नाहीत, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते अक्षरशः खरं निघालं.

ते भिंग मी शाळेच्या मागच्या बाजूला, स्टोव्हवर, एका जुन्या डब्यात उकळलं. वास सातवीच्या वर्गापर्यंत गेला. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे जरा उकळून मांस खरवडून काढायचं ठरवलं होतं, पण मी दुसरीकडे गुंतले आणि मासा नको तितका शिजला. झाकण काढलं तर डब्यात लगदा होता आणि लगद्यात शेकडो काटे. त्यातून कणा, बरगड्या आणि इतर काटे वेगळे करता करता माझे दोन दिवस गेले. पण पोटाच्या कडेला मला एक वेगळीच गोष्ट सापडली. एकामागे एक लागलेल्या टोकदार तुकड्यांची करवतीसारखी रांग होती. बरगड्यांची खालची टोकं बरोबर तिथेच येत होती. हेच याचं छातीचं हाड, असं मी ठरवून टाकलं आणि तारेने ते सगळं एकत्र बांधून टाकलं.

पुढच्या आठवड्यात मी मोठ्या ऐटीत ते बाजारात घेऊन गेले. आगरणीने ते हातात घेऊन फिरवून बघितलं. तिने ओट्यावरचं दुसरं भिंग उताणं धरलं, गळ्याखाली सुरी टेकवली आणि शेपटाच्या दिशेने सरळ ओढत नेली. पोट उघडलं.

"सुरी कुठं अरली का?" तिने विचारलं.

कुठेच अडली नव्हती.

"छातीला हाड असता त अरली असती. कोंबरी कापताना अरते. ही तुजी हाडां नाय, ही पोटाची खवलां हायेत, मोठी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माशाला बरगड्या असतात पण छातीचं हाड नसतं, हे वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पाण्यात राहणाऱ्याला पोटाखाली आधार कशाला लागतो, पाणीच त्याला उचलून धरतं, हेसुद्धा मी लिहिलं होतं. आणि तरी हातात प्रत्यक्ष मासा आल्यावर मी त्याला खवल्यांचं छातीचं हाड बहाल केलं होतं. त्या बाईने रोज पन्नास मासे चिरले होते. तिला सुरीनेच ते कळलेलं होतं. मी तिथेच तिला म्हटलं की मला हे नीट करायला शिकव. ती म्हणाली की शिकवायला मला येत नाही, पण तू आयतवारी माझ्या गावाला ये, अंगण मोठं आहे, चूल बाहेर आहे, आणि तिथे वासाला कुणी नाक मुरडत नाही.

आई घरात नाक मुरडत होतीच. काम कळल्यावर तिने तीन अटी घातल्या. हाड म्हणून काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही, आल्यावर डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरायचं नाही, आणि वडिलांच्या ऑफिसातल्या लोकांना काही सांगायचं नाही. वडिलांनी मात्र संध्याकाळी हळूच मला विचारलं की माशाला छातीचं हाड खरंच नसतं का.

तिचं गाव डोंबिवलीच्या पलीकडे खाडीकाठी होतं. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशन, त्याच्याभोवती थोडी घरं आणि मग भाताची शेतं. स्टेशनावरून खाजणाच्या बांधावरून अर्धा-पाऊण तास चालावं लागे. भाद्रपदापासून मी दर रविवारी जाऊ लागले. तिचा नवरा भला माणूस होता, कमी बोलायचा. पहिल्या दिवशी त्याने मला बसायला पाट दिला आणि स्वतः गोठ्यात गेला तो मी निघेपर्यंत बाहेर आला नाही. तिसऱ्या रविवारी तो स्वतःच चुलीला लाकडं घालायला लागला.

पहिला कोंबडा आम्ही तिच्या अंगणात केला. मांस घरच्यांनी खाल्लं, हाडं माझी, असा व्यवहार ठरला. तो सगळ्यांनाच सोयीचा होता. तिने हाडं फार उकळू दिली नाहीत. आधी कढत पाण्यात बुडवून काढायची, मग बोटांनी सोलायची, मग पातळ फडक्यात गाठोडं बांधून मुंग्यांच्या वारुळाजवळ ठेवायची. मुंग्या बारीकसारीक सगळं साफ करत आणि फडक्यामुळे हाडं हरवत नसत. मग पापडखाराच्या पाण्यात धुऊन उन्हात. कॉलेजात आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

कोंबड्याच्या छातीचं हाड स्वच्छ होऊन हातात आलं तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ ते बघत बसलो. मधून उभी पाती निघालेली, होडीच्या तळाला असते तशी. पंख मारायचे स्नायू या पातीला दोन्ही बाजूंनी चिकटलेले असतात, म्हणून पक्ष्याला ती लागते, असं मी तिला सांगितलं. तिला ते लगेच समजलं. कोंबडीचं सगळ्यात जास्त मांस तिथेच असतं हे तिला माहीत होतंच. ते तिथे का असतं हे आज कळलं, असं ती म्हणाली. मग तिने नवऱ्याला बोलावून त्यालाही सांगितलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

बेडूक मी स्वतः शाळेत केला. त्याची कहाणी पुढे येईल. साप गावानेच दिला. कापणीच्या वेळी कुणाच्या तरी शेतात धामण मारली गेली होती आणि आता हाडंवाल्या बाईला साप लागतो हे सगळ्यांना माहीत झालं होतं, त्यामुळे चार पोरीबाळी ती काठीवर घालून वाजतगाजत घेऊन आल्या. धामणीच्या बरगड्या आम्ही तीनदा मोजल्या आणि तीनदा वेगवेगळा आकडा आला. शेवटी दोनशे जोड्यांच्या आसपास असं म्हणून सोडून दिलं. मानेपासून शेपटीपर्यंत नुसत्या बरगड्याच बरगड्या, आणि पुढे त्या जोडायला हाड म्हणून नाहीच. सगळी टोकं मोकळी.

कासव मिळालं ते कल्याणातल्या एका देवळाच्या विहिरीत. विहीर उपसताना मेलेलं निघालं होतं. आमच्या शाळेतल्या एका मुलीने मला येऊन सांगितलं. मी गेले तर देवळाचे गुरव ते खाडीत सोडायला निघाले होते. मुलींना शिकवायला हवं आहे म्हटल्यावर ते विचारात पडले. कासव देवाचं, देवळासमोर दगडी असतं तेच हे. शेवटी त्यांनी एका अटीवर दिलं. कपाटात बकऱ्या-कोंबड्याच्या शेजारी ते ठेवायचं नाही. मी शब्द दिला. बाईंनी त्यावर तोडगा काढला. कासवाच्या दोन्ही बाजूंना एकेक पुठ्ठा उभा केला, म्हणजे रांगही मोडली नाही आणि शेजारही टळला.

कासवाच्या बाबतीत मला मुलींना सगळ्यात जास्त मजा दाखवता आली. पाठीचं कवच उताणं करून आत बघितलं की कणा आणि बरगड्या कवचालाच आतून चिकटलेल्या दिसतात. बरगड्या रुंद होऊन कवचातच मिसळून गेलेल्या. आपल्या खांद्याचं हाड बरगड्यांच्या बाहेर, पाठीवर असतं; कासवाचं बरगड्यांच्या आत. मुलींनी एकमेकींच्या पाठीला हात लावून खात्री करून घेतली. कासव कवचातून बाहेर येऊ शकतं, असं तोवर वर्गातल्या निम्म्या मुलींना वाटत होतं.

बकऱ्याच्या वेळी मात्र घात झाला. तिच्या गावाजवळच्या खाटकाकडून एक अख्खा छातीचा पिंजरा मिळाला होता. तेरा जोड्या बरगड्या, त्यातल्या पुढच्या आठ सरळ छातीच्या हाडाला जोडलेल्या, आणि छातीचं हाड म्हणजे एकापुढे एक लागलेल्या तुकड्यांची पट्टी. सगळं धुऊन बांधावर उन्हात ठेवलं होतं आणि मी कल्याणला परतले होते. पुढच्या दोन दिवसांत आगरीण बाजारात आली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या ओट्यावरच्या बाईने सांगितलं की ती पडली आहे, छातीला लागलंय, उठवत नाही.

रविवारची वाट न बघता मी शाळेतून तशीच गेले. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. छातीभोवती हळदीचा लेप आणि वर धडप्याची घट्ट पट्टी. बोलताना धाप लागत होती, पण गोष्ट तिनेच सांगितली. सकाळी एक कुत्रं बांधावर आलं आणि बकऱ्याच्या छातीचं हाड तोंडात धरून पळालं. ही त्याच्यामागे धावली. ओल्या बांधावर पाय घसरला आणि एका बाजूने दगडावर आपटली. तशीच उठली, पुन्हा धावली, आणि कुत्र्याच्या तोंडातून हाड ओढून घेतलं.

"हाड सोरवला मी," ती म्हणाली आणि उशाखालून ते काढून माझ्या हातात दिलं. एका टोकाला दातांची खूण होती.

मला तिथे रडू आलं. माझ्या कपाटासाठी ही बाई पडली, आणि आत कुठे बरगडीचं टोक लागून काही भलतंच झालं तर? मी तिच्या नवऱ्याला म्हटलं की आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखवायचं. त्याने लगेच बैलगाडी जोडली. डोंबिवलीत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, बोटांनी चाचपलं आणि सांगितलं की एक बरगडी तडकली आहे, फुफ्फुसाला काही झालेलं नाही. दीड महिना जड उचलायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी धरायची, बाकी बरगडी आपली आपण जुळते. शेजारच्या बरगड्याच तिला जागेवर धरून ठेवतात.

परतताना गाडीत तिने मला विचारलं की डॉक्टर म्हणतो एक गेली, मग मला आहेत तरी किती.

मी तिचा हात धरून तिच्या न लागलेल्या बाजूने मोजायला लावलं. वरच्या सात थेट छातीच्या हाडाला. मग तीन, ज्या वरच्या बरगडीचा आधार घेऊन जोडल्या जातात. मग शेवटच्या दोन, पुढून मोकळ्या. तिने बोटं पुन्हा फिरवली.

"बारा?" ती म्हणाली.

"बारा जोड्या."

"बोकराला तेरा, आन मना बाराच?"

तिला ते अजिबात आवडलं नाही. दुखत असतानाही ती त्यावर वाद घालत राहिली. मग गाडी हाकणाऱ्या नवऱ्याकडे हनुवटीने खूण करून तिने मला हळूच विचारलं, "आन माज्या दादल्याला?" त्यांनाही बाराच, बाईला आणि पुरुषाला सारख्याच, हे ऐकून तिची समजूत पटली. पुढून तिच्या नवऱ्याने, मागे न बघता, आपल्या अंगरख्यात हात घातला आणि मोजायला सुरुवात केली. आम्ही दोघी हसलो, आणि हसल्यामुळे तिला इतकी कळ आली की तिने मला चापट मारली.

ती उठेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी मी जात होते. आईने एकदा माझ्याबरोबर तिच्यासाठी डिंकाचे लाडू दिले. हाड जुळायला बरे, असं म्हणाली. आधीच्या तीन अटींचं तिने नावही काढलं नाही.

डिसेंबर आला. आमचं कपाट तयार होतं. मासा, बेडूक, धामणीचा मधला भाग, पुठ्ठ्यांच्या मधोमध कासव, कोंबडा, बकरा. माणसाचा सांगाडा नव्हताच, म्हणून आम्ही मॅट्रिकच्या वर्गातल्या एका उंच मुलीला मोठ्या कागदावर झोपवून तिची आकृती काढली आणि बाकीच्या मुलींनी आपापल्या बरगड्या चाचपत त्या आकृतीत बारा जोड्या भरल्या. पाचव्या आणि सहाव्या बरगडीवरून दोघींचं चांगलंच भांडण झालं होतं.

इन्स्पेक्टर साहेब उंच, किडकिडीत, बंद गळ्याचा कोट घातलेले होते. ते मूळचे गणिताचे, असं बाईंनी मला आधीच कानात सांगितलं होतं. त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि एकेक चिठ्ठी वाचत गेले. पुठ्ठे कशाला, असं विचारल्यावर मी गुरवांची अट खरी खरी सांगितली. ते पुन्हा रांगेच्या सुरुवातीला गेले. मग बेडकापाशी थांबले आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"याच्या बरगड्या कुठे गेल्या? साफ करताना गळून गेल्या का?"

"बेडकाला बरगड्या नसतात, साहेब," मी म्हणाले.

"कणा आहे. छातीचं हाड आहे. आणि बरगड्या नाहीत?"

"नाहीत."

त्यांचा चेहरा बदलला. मी काहीतरी झाकते आहे अशी त्यांची खात्री झाली होती, ते दिसत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं की मग छाती फुगवायला काही नसताना हा प्राणी श्वास घेतो कसा. मॅट्रिकच्या मुली बाकांवरून पुढे वाकून बघायला लागल्या. बाई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या न बघण्यानेच मला धीर आला.

टेबलाखाली पाण्याच्या परातीत मी एक जिवंत बेडूक ठेवला होता. विहिरीजवळ सापडलेला, थंडीने सुस्तावलेला. मी तो काचेच्या बरणीत घालून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, याच्या गळ्याकडे बघा. ते वाकले. बेडूक तोंड मिटून बसला होता आणि त्याच्या हनुवटीखालचं कातडं एकसारखं खालीवर होत होतं. मी सांगितलं की आपण छाती मोठी करून हवा आत ओढतो. हा नाकाने तोंडात हवा घेतो आणि मग ती गिळल्यासारखी फुफ्फुसात ढकलतो. त्याला बरगड्यांवाचून काही अडत नाही.

साहेब फार वेळ वाकून बघत राहिले. बघता बघता त्यांचा एक हात कोटावरून स्वतःच्या छातीवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी सरळ होऊन पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं की साप आणि बेडूक यांच्यात काय फरक सांगशील.

ती म्हणाली, "सापाला बरगड्या आहेत पण पुढे हाड नाही. बेडकाला हाड आहे पण बरगड्या नाहीत."

"मग दोघांनी आपसात काही वाटून घ्यायला हवं होतं," साहेब म्हणाले, आणि ते स्वतःच हसले. मुली आधी घाबरल्या, मग त्याही हसल्या. जाताना त्यांनी शेरेबुकात काय लिहिलं ते बाईंनी मला लगेच दाखवलं नाही. त्या फक्त म्हणाल्या की आधी डबा खाऊन घ्या. परवानगीचं पत्र फेब्रुवारीत आलं आणि जूनपासून विषय सुरू झाला. पहिल्या वर्षी नऊ मुली बसल्या, त्यातली एक पुढे डॉक्टर झाली.

विषय सुरू व्हायच्या आधीची, चैत्रातली गोष्ट. आगरीण तोवर पूर्ण बरी झाली होती. एक दिवस दुपारी ती बाजार आटोपून थेट शाळेत आली, रिकामी पाटी काखेत. आपलं काम बघायला आले, असं तिने शिपायाला सांगितलं. बाई स्वतः तिला प्रयोगशाळेत घेऊन आल्या, खुर्ची दिली आणि कपाट उघडलं. ती खुर्चीत बसली नाही. माशाकडे बघून तिने मान डोलवली. बकऱ्याच्या छातीच्या हाडावरची दातांची खूण तिने बाईंना दाखवली आणि कुत्र्याची सगळी हकीकत सांगितली, पळाली कशी, आपटली कशी, सगळं. मग कोंबड्याजवळ आली आणि थांबली.

"ही फासली उलटी लावलीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, शक्य नाही. कोंबड्याच्या बरगड्यांना मागच्या बाजूला छोटे आकडे असतात, एक बरगडी तिच्या मागच्या बरगडीवर टेकायला. तिने बोट नेऊन दाखवलं.

"सगल्यांची नाकां मागं. हिचा नाक पुरं."

खरंच त्या बरगडीचा आकडा भलतीकडे होता. डावीकडची उजवीकडे आणि तिच्या जोडीची डावीकडे लागली होती. चार महिने कपाट उघडं होतं, अडीचशे मुलींनी बघितलं होतं, इन्स्पेक्टरांनी बघितलं होतं, आणि मी स्वतः शास्त्राच्या तासाला रोज त्यावर शिकवत होते. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मी पकड आणि तार घेऊन आले. तिने पिंजरा धरला, मी दोन्ही बरगड्या सोडवून त्यांच्या बाजू बदलल्या. दहा मिनिटांचं काम.

बाईंनी चहा मागवला आणि शिक्षकांच्या कपातच तिला दिला. चहा पिता पिता तिने कपाटाच्या रिकाम्या कप्प्याकडे बोट करून विचारलं की इथे काय ठेवणार. मी म्हटलं, अजून ठरवलेलं नाही. तिचं ठरलं होतं. ठाण्याला सर्कस आली आहे, असं तिने ऐकलं होतं, आणि हत्तीला किती फासल्या असतात ते तिला बघायचं होतं.

"अहो, हत्ती जिवंत आहे ना पण," बाई म्हणाल्या.

"मंग बाहेरशी मोजू," ती म्हणाली आणि पाटी उचलून निघाली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी खरंच ठाण्याला गेलो. माहुताने हत्तीला हात लावू दिला, पण त्या कातड्याखाली एकही बरगडी हाताला लागली नाही.